टायमर उतरवला, प्रेशरवाला कंट्रोलर चढवला: प्लंजर लिफ्टवरचा अनुभव

गॅस विहिरीतलं पाणी वर आणणारा प्लंजर कधी सोडायचा नि कधी थांबवायचा, हे ठरवणारा डबा म्हणजे कंट्रोलर. निकाल आधीच सांगते. ज्या विहिरीचं लाइन प्रेशर (विकलेला गॅस जिथे जातो त्या पाइपलाइनचा दाब) दिवसभर वरखाली होतं, तिथे हा कंट्रोलर डोळे मिटून घ्या. जिथे लाइन शांत आहे, प्लंजर रोज ठरल्या वेळी येतो नि जातो, तिथे जुना टायमरच राहू द्या. या दोन्हींच्या मधल्या विहिरींसाठी पुढचं वाचा. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत, आणि या धंद्यातले डबे आतून बरेचसे एकाच वळणाचे असतात.

मी न्यू मेक्सिकोत फार्मिंग्टनला असते, गॅस विहिरींच्या उत्पादनाचं काम बघते. सॅन हुआन खोऱ्यातल्या आमच्या बहुतेक विहिरी वयस्क आहेत. 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियाकडे पाइपलाइन गेली आणि इथे खणाखणी जोरात सुरू झाली. गॅसचे थर दोन: मेसाव्हर्डे साधारण पाच हजार फुटांवर, डकोटा सात हजारांच्या आसपास. इतकी वर्षं उपसल्यावर थरातला दाब ओसरलाय. गॅस येतो, पण सोबतचं पाणी वर आणण्याइतका जोर त्यात उरलेला नाही. मी मूळची उरणची. आमच्याकडे तेल-गॅस म्हटलं की मुंबई हाय, आणि तिथल्या विहिरींना गॅस लिफ्ट. तिथे वरून गॅस सोडून तेल उचलतात. इथे विहिरीने स्वतःच्याच गॅसवर स्वतःचं पाणी उपसायचं असतं.

गॅस ठरावीक वेगाच्या खाली आला की पाण्याचे थेंब वर न जाता मागे घसरतात आणि तळाशी साचतात. हा वेग किती, याचं गणित टर्नर आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्ये मांडलं. कमी दाबाच्या विहिरींसाठी 1991 मध्ये कोलमन यांनी ते थोडं सैल केलं. आमच्या 2⅜ इंची ट्युबिंगला (गॅस वर येतो तो आतला पाइप), वर दीडशे पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब असताना, कोलमनच्या हिशेबाने दिवसाला साधारण साडेतीनशे-पावणेचारशे एमसीएफ (हजार घनफूट) गॅस सतत वाहायला हवा. आमच्या विहिरी देतात शंभर-सव्वाशे. म्हणजे सलग वाहू दिलं तर काही दिवसांत पाण्याखाली गुदमरणार.

म्हणून प्लंजर. ट्युबिंगमध्ये जेमतेम सरकेल असा पोलादी दांडा, तळाच्या बंपर स्प्रिंगवर बसलेला. विहीर बंद ठेवली की केसिंग (विहिरीचा बाहेरचा पाइप) आणि ट्युबिंगच्या मधल्या पोकळीत गॅस साठतो. मोटर व्हॉल्व्ह (नावात मोटर, पण चालतो गॅसच्या दाबावर) उघडला की तो गॅस प्लंजरला खालून रेटतो, प्लंजर डोक्यावरचं पाणी घेऊन वर येतो आणि विहिरीच्या तोंडावरच्या ल्युब्रिकेटरमध्ये, म्हणजे प्लंजर झेलणाऱ्या नळकांड्यात, ठण्णकन आदळतो. चुंबकी सेन्सर ‘आला’ म्हणून नोंद करतो. मग जमेल तितका वेळ गॅस विकायचा. वेग पडला की व्हॉल्व्ह बंद, प्लंजर आपल्या वजनाने खाली. विजेची मोटर नाही, पंप नाही, रॉड नाहीत. कधी उघडायचं आणि कधी मिटायचं, एवढाच काय तो प्रश्न.

पूर्वी तो प्रश्न चावीच्या घड्याळावर आणि खुंट्या लावलेल्या चकतीवर सोडवत. नंतर इलेक्ट्रॉनिक टायमर आले, पण डोकं तेच: इतके तास बंद, इतका वेळ चालू. कुकरचा भात घड्याळाकडे बघून उतरवायचा की शिट्ट्या मोजून, तसाच हा फरक. घड्याळावर चालणाऱ्या विहिरीत पंपर (विहिरींची देखभाल करणारा माणूस) नेहमी हातचं राखतो. पाणी भरून विहीर मेली तर पाणी उपसून काढणारा स्वॅबिंगचा रिग बोलवावा लागणार, बोलणी त्यालाच बसणार. म्हणून तो बंद वेळ वाढवतो, वाहण्याची वेळ कापतो. तळाशी दाब चढलेला राहतो, थर कमी गॅस देतो. विहीर मरत नाही आणि धड जगतही नाही.

आता या डब्याचं काम. तीन प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारे सेन्सर): केसिंग, ट्युबिंग आणि सेल्स लाइन. शिवाय ऑरिफिस मीटरचा डिफरन्शियल, म्हणजे प्रवाह. बारा व्होल्टची बॅटरी, वर छोटं सोलर पॅनेल. लॅचिंग सोलेनॉइडला (मोटर व्हॉल्व्हला गॅस सोडणारी-अडवणारी विजेची कळ) उघडता-मिटताना क्षणभरच करंट लागतो, त्यामुळे ढगाळ हवेतही बॅटरीने कधी मान टाकली नाही. बॅटरी खूप उतरली तर तो आधी व्हॉल्व्ह बंद करतो आणि मग झोपतो, हे मला आवडलं. उघडा राहून झोपला असता तर विहीर रातोरात पाण्याने भरली असती.

उघडण्यासाठी मी लोड फॅक्टर वापरते. केसिंग वजा ट्युबिंग, भागिले केसिंग वजा लाइन. वरचा आकडा म्हणजे प्लंजरवर पाणी किती आहे याचा अंदाज. 2⅜ ट्युबिंगमध्ये एक बॅरल पाणी सुमारे 258 फूट उभं राहतं, त्याचं वजन पडतं 110 पीएसआयच्या आसपास. खालचा आकडा म्हणजे ते उचलायला हाताशी असलेला जोर. उत्तर 40 ते 50 टक्क्यांच्या वर असेल तर उघडू नये, हा धंद्यातला जुना ठोकताळा.

आमच्याच एका डकोटा विहिरीचा प्रसंग सांगते, म्हणजे कळेल. केसिंग 350, ट्युबिंग 270, लाइन 150. ऐंशी भागिले दोनशे, 40 टक्के. उघडायला हरकत नाही. नेमका त्याच वेळी गॅस गोळा करणाऱ्या कंपनीचा कंप्रेसर बंद पडला आणि लाइन 220 वर गेली. आता ऐंशी भागिले एकशेतीस, म्हणजे 61 टक्क्यांच्या पुढे. टायमरला यातलं काहीच दिसलं नसतं. वेळ झाली की त्याने उघडलं असतं, प्लंजर अर्ध्या वाटेवर थकून थांबला असता, पाणी त्याच्या कडांमधून गळून परत तळाशी, आणि साठवलेला दाब फुकट. दुसऱ्या वेळी पाणी जास्त, जोर तेवढाच. दोन-तीनदा असं झालं की विहीर बसलीच. हा डबा मात्र गप्प राहिला. कंप्रेसर परत चालू होईपर्यंत केसिंग 390 आणि ट्युबिंग 310 झालं होतं, लाइन पुन्हा दीडशेवर आली. लोड फॅक्टर 33. मग उघडलं, प्लंजर साडेनऊ मिनिटांत वर. त्या विहिरीचं ट्युबिंग सात हजार दोनशे फुटांचं आहे, म्हणजे वेग मिनिटाला साडेसातशे फुटांच्या जवळपास, हवा तसा. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा पिताना ग्राफवर बघितलं. पंपर त्या रात्री घरी झोपला होता, आणि माझ्या मते कंट्रोलरचे पैसे तिथेच वसूल झाले.

इथे लाइन प्रेशर हलायला कंप्रेसरच बंद पडायला पाहिजे असंही नाही. उन्हाळ्यात दुपारी कंप्रेसर तापून मंदावतात, कुणी पाइपलाइनमधून पिग (पाइप साफ करणारा बोळा) सोडतं, शेजारच्या पॅडवर (विहिरींच्या जागेवर) नवी विहीर लाइनला लागते. दर वेळी टायमर बदलायला कच्च्या रस्त्याने कोण जाणार? पावसानंतर तर आमच्या रस्त्यांवर बेंटोनाइट मातीचा असा चिखल होतो की पिकअप उभ्या जागी आडवी फिरते.

मिटण्याच्या बाबतीत मॅन्युअल म्हणतं की प्रवाह क्रिटिकल रेटच्या (वरच्या टर्नर-कोलमनच्या आकड्याच्या) खाली आला की बंद करा. मी ते फार मानत नाही. बऱ्याच विहिरींचा प्रवाह पहिल्या काही मिनिटांतच त्या रेषेखाली जातो, आणि तरीही पुढे चांगला तासभर गॅस मिळतो. मी केसिंगकडे बघते. विहीर वाहत असताना केसिंगचा दाब उतरत जातो, मग सपाट होतो, मग हळूच वर वळतो. वर वळला म्हणजे ट्युबिंगमध्ये पाणी साचायला लागलं, गॅसला वाट अवघड झाली. डब्यात ‘सर्वांत खालच्या आकड्यावरून इतके पीएसआय वर आलं की मीट’ असं सेटिंग आहे. मी दोन-तीन पीएसआयवर ठेवते. पाणी जास्त असलेल्या विहिरीला त्याहून कमी, सपाट होताच बंद. गॅस धरून ठेवायचा लोभ इथे महाग पडतो.

एक गोष्ट मात्र घड्याळावरच ठेवा, ती म्हणजे प्लंजर खाली पोचण्याची किमान वेळ. दाब कितीही लवकर चढला तरी प्लंजर तळाला टेकल्याशिवाय उघडायचं नाही. साधा भरीव दांडा मिनिटाला चारशे फुटांच्या आसपास पडतो, पॅड प्लंजर (कडेला स्प्रिंगवरच्या पट्ट्या असलेला) त्यापेक्षा बराच हळू, दोनशे-अडीचशे. तळाच्या पाण्यातून तर अजून हळू. फॉस आणि गॉल यांचा 1965 चा आकडा मिनिटाला 172 फुटांचा आहे आणि अजूनही तोच धरून चालतात. म्हणजे आमच्या विहिरीत भरीव दांड्याला वीस मिनिटं, पॅडवाल्याला अर्धा तास आणि वर थोडी पदरची. हा नियम मोडला तर प्लंजर पाण्यापर्यंत न पोचताच रिकामा वर उसळतो. वर पाणी नाही म्हणजे अडवणारं कुणी नाही. मिनिटाला दोन हजार फूट म्हणजे ताशी सुमारे 37 किलोमीटर वेगाने चारेक किलोचा पोलादी दांडा ल्युब्रिकेटरच्या स्प्रिंगवर येतो. स्प्रिंग चेचलेली मी बघितली आहे. ल्युब्रिकेटरचं टोपण उडाल्याच्या गोष्टी जुने लोक सांगतात. म्हणून सलग काही वेळा फार वेगात आला तर विहीर बंद करून अलार्म द्यावा, हे सेटिंग बंद ठेवू नका. ते आधीपासून चालू असायला हवं होतं. पेटीतून काढलेल्या डब्यात ते बंद असतं, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी आणि सगळ्यांत मोठी तक्रार हिवाळ्याची. फार्मिंग्टन सव्वापाच हजार फुटांहून उंचावर आहे, जानेवारीत रात्री सगळं गोठतं. केसिंगचा ट्रान्सड्यूसर कंपनीच्या माणसाने स्टीलच्या बारीक नळीला लावून दिला होता. दिसायला सुबक काम, पण नळीला मध्ये एक झोळ. झोळात गॅसमधलं पाणी उतरलं आणि रात्री त्याचा बर्फ झाला. पहाटेचा ग्राफ बघितला तर ट्युबिंगची रेघ डोंगरदऱ्या काढतेय, लाइनची थरथरतेय आणि केसिंगची रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ, 342 वर. हलतच नाही. आता केसिंग 342 च राहिल्यावर ते वर वळणार कधी? डब्याला मिटायचा इशाराच मिळाला नाही. कमाल वेळेचं सेटिंग होतं म्हणून तिथे जाऊन मिटलं, पण तोवर तळाशी भरपूर पाणी. सकाळी ऊन चढलं, बर्फ वितळला आणि रेघ एका उडीत खाली आली.

आता मला सांगा, उघड्या विहिरीचं केसिंग प्रेशर तासन्‌तास एका पीएसआयनेही हललं नाही, हे ओळखायला किती अक्कल लागते? दोन ओळींचा कोड. एवढा हुशार म्हणवणारा डबा, पण स्वतःच्या डोळ्यांवर आलेली पट्टी त्याला कळत नाही. सपोर्टला लिहिलं, ‘सूचना पुढच्या आवृत्तीसाठी नोंदवली आहे’ असं उत्तर आलं. आवृत्ती येऊन गेली. सूचना अजून नोंदवलेलीच आहे.

उपाय आमच्या पंपरने केला. नळी काढून टाकली, ट्रान्सड्यूसर थेट केसिंगच्या व्हॉल्व्हवर, तोंड खाली करून, म्हणजे पाणी आलं तरी परत विहिरीत ओघळेल. त्यावर इन्सुलेशनची टोपी. मोटर व्हॉल्व्हच्या सप्लाय गॅसला पाणी गोळा करणारा ड्रिप पॉट आहेच, तो थंडीत रोज रिकामा करायचा, नाहीतर सोलेनॉइडमध्ये पाणी जाऊन व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो. हे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं.

हा पंपर नवाहो, म्हणजे इथला मूळनिवासी आहे, शिपरॉककडचा, आणि वयाने माझ्या बाबांच्या बरोबरीचा. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, माझी जीभ मात्र अजून अडखळते. फ्लोलाइनवर (विहिरीतून निघणाऱ्या पाइपवर) तळहात ठेवून प्लंजर किती लांब आहे ते तो सांगतो. आधी गॅस वाहतो तेव्हा पाइप गार पडतो, पाण्याचा लोट आला की थरथर बदलते, आणि त्यानंतर काही क्षणांत ठण्ण. डबा बसवताना तो म्हणाला, “हा मला दाखवणार असेल तर ठीक, मला सांगणार असेल तर नको.” म्हणून स्क्रीनवर तिन्ही दाब, लोड फॅक्टर आणि मागच्या आगमनांच्या वेळा पहिल्याच पानावर आणता येतात का, हे मी आधी बघितलं. येतात. पण ती स्क्रीन भर उन्हात वाचायची तर हातमोजा डोळ्यांवर धरून वाकावं लागतं, आणि बटणं इतकी छोटी की हातमोजा काढल्याशिवाय दाबता येत नाहीत. हिवाळ्यात यावर त्याने काढलेले उद्गार मराठीत आणायला नकोत.

‘ऑटो-ॲडजस्ट’ नावाचं एक कौतुकाचं फीचर आहे. प्लंजर हळू आला तर बंद वेळ वाढवतो, वेगात आला तर कमी करतो, त्याच वेळी उघडण्याचा आकडा बदलतो आणि मिटण्याचाही. तीन बटणं एकदम फिरवल्यावर सुधारलं कशामुळे नि बिघडलं कशामुळे, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. मी ते बंद केलं. एका वेळी एकच आकडा हलवायचा आणि विहिरीला काही फेऱ्या द्यायच्या. प्लंजर चार मिनिटांत आला म्हणजे ढकलायला जोर जास्त झाला, विहीर लवकर उघडायला हवी होती. वीस मिनिटं लावली तर उलट. एवढं बघितलं तरी पुष्कळ होतं.

पैशाचं बोलायचं तर टायमर काहीशे डॉलरांत मिळतो, हा ट्रान्सड्यूसर, केबल, पॅनेल धरून काही हजारांत जातो. गॅस तीन डॉलर धरला आणि विहिरीने दिवसाला पंधरा एमसीएफ जास्त दिला, तर दिवसाचे 45 डॉलर. चार हजार खर्च धरले तर तीन महिन्यांत वसूल. भाव पडला की वेळ त्या हिशेबाने लांबतो. वाढ सगळ्या विहिरींत मिळत नाही. शांत लाइनवरच्या विहिरींमध्ये मला फरक जेमतेम दिसला, हे वर म्हटलंच आहे.

पैशापलीकडे एक कारण सरकारी आहे. पूर्वी विहीर पाण्याने बसली की पंपर ती सरळ टाकीकडे उघडायचा, गॅस हवेत, पाणी टाकीत, विहीर जिवंत. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोच्या ऑइल कन्झर्वेशन कमिशनने गॅस हवेत सोडण्यावर कडक नियम केले. 2026 अखेर 98 टक्के गॅस पकडला गेला पाहिजे, असं लक्ष्य ठेवलं. आता टाकीकडे उघडायचं तर कारण, वेळ, अंदाजे गॅस, सगळं लिहून द्यावं लागतं. जी विहीर मुळात बसतच नाही तिची कागदपत्रंही नाहीत, आणि ऑफिसातल्या लोकांना हा कंट्रोलर आवडतो तो मुख्यतः यासाठी.

कुठे लावू नका तेही सांगते. पॅकर (केसिंग-ट्युबिंगमधली पोकळी तळाशी बंद करणारं बूच) लावलेल्या विहिरीत केसिंगचा गॅस ट्युबिंगच्या तळाशी येऊच शकत नाही, तिथला केसिंगचा आकडा शोभेचा. आणि ट्युबिंगला भोक पडलेलं असेल तर केसिंग-ट्युबिंग दाब एकसारखे होतात, वजाबाकी शून्याकडे जाते, आणि डबा समजतो की प्लंजरवर पाणीच नाही, लोड फॅक्टर झकास. तो आनंदाने उघडत राहील आणि प्लंजर येणार नाही. लोड फॅक्टर संशयास्पद चांगला आणि प्लंजरचा पत्ता नाही, असं दिसलं तर सेटिंगशी खेळू नका, ट्युबिंग तपासा.

पुढच्या विहिरींसाठी याच कंपनीचे डबे मागवले आहेत. ट्रान्सड्यूसर त्यांचेच घेतले, ते टिकतात. सेन्सरची केबल मात्र गावातल्या दुकानातून आणायची ठरली आहे, कारण त्यांच्या केबलचा कनेक्टर एका हिवाळ्यात हिरवा पडतो.